बेण्याला उठवू नका

(आमच्या घरच्या ग्रुपवरचं पवित्र आठवड्यातलं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातलं बोलणं. सुप्रभातचे फोटो आणि गॅस सिलेंडरची भानगड गाळली आहे. मोठी आई लिहीत नाही, आवाज पाठवते. तिचं बोलणं मी ऐकून उतरवलं. – ताई, नागपूर)

सोमवार, 30 मार्च

बंटी (पुणे): सगळ्यांना सलाम. मी, आत्या आणि पोरं गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. शुक्रवारी सकाळी आर्णी. शुक्र-शनि-रवि, तीन दिवस पूर्ण मोकळे. माझं म्हणणं, शनिवारी सगळे मिळून हळद लावून टाकू. आठ-दहा जण आहोत, मजुरी वाचेल. एक एकर होईल ना दिवसात?

मोठे बाबा: कोनती हळद

बंटी: आपलीच. शेडमध्ये बेण्याचा ढीग आहे ना.

मोठे बाबा: थे बेनं झोपलं हाय. त्याले उठवू नोको.

बंटी: 😂 म्हणजे?

ताई: म्हणजे खरंच झोपलंय. हळद मार्चच्या पहिल्या आठवड्यात खोदली. काढल्यानंतर दोन-अडीच महिने कंद सुप्तावस्थेत असतो. आत्ता जमिनीत घातला तरी तो आपल्या वेळेलाच उगवणार. तोवर त्याला 40 अंशांच्या मातीत पाणी पाजत बसायचं आणि वर कंदकुजीला आमंत्रण. लावण मेच्या मध्यानंतर.

बंटी: मग अक्षय तृतीयेला लावतात ते? धुऱ्यापलीकडचे भाऊ तर तोच मुहूर्त धरतात.

ताई: यंदा अधिक ज्येष्ठ आहे, पण तो अजून यायचाय. म्हणून अक्षय तृतीया 19 एप्रिललाच आली. भाऊसुद्धा यंदा त्या दिवशी नुसती पूजा करणार आहेत, लावण नाही. विचारलंय मी.

मोठे बाबा: तुह्या बाबानं एका साली लावली होती घाईनं. तवा त्याची बी सुट्टी संपत होती. अर्धी उगवली अर्धी नाई. वाफ्यात अशे खाडे पडले का त्यात बकऱ्या बसत. पुन्हा बेनं इकत घेऊन भरले. बेनं बी असं भेटलं का आतून सडेल.

बंटी: बाबा हे कधी बोलले नाहीत.

मोठे बाबा: कायले बोलन थो

मंगळवार, 31 मार्च

छोटी काकू: हळदीचं राहू द्या. मुगाचं काय? पाणी शुक्रवारी द्यायलाच लागेल. आता फुलावर यायचा आहे, ताण बसला तर शेंग धरणार नाही.

मोठे बाबा: सोम ते गुरू लाईन रातची हाय. शुक्रवारपासून दिवसाची, 9 ते 5.

छोटी काकू: आणि आपली उपासना 12 ते 3.

(इथे पंधरा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. आमच्या घरात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांबद्दल कुणी पटकन बोलत नाही. वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा माणूस बोलतो, आणि मोठे बाबा गेली कित्येक वर्षं पाचवा घेतात: मला तहान लागली आहे.)

बंटी: मी थांबतो वावरात. तुम्ही सगळे जा. तुषारचे पाइप बदलायला एक माणूस पुरे.

आत्या: बंटी, रात्रभर गाडीत अवघडून येणार ते वावरात बसायला? पण चूक नाही म्हणा. शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर काढाल की नाही, असं प्रभूनेच विचारलं होतं.

मोठी आई (आवाज): बाई, बैल इहिरीत पडला तं मीच दोर घेऊन पयीन. पन मूग काही इहिरीत नाई पडला. थो धुऱ्यावर उभा हाय, चांगला हिरवागार. तीन घंटे थांबन थो. देवाचं नाव घेऊन आपल्या मनासारकं करू नोका.

आत्या: वहिनी 🙏

बंटी: मोठ्या आईसमोर कुणाचं काही चालत नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायाचंसुद्धा.

मोठे बाबा: तोड निंगाली. संध्याकाळी भाऊ भेटले. गुरुवारी त्याईच्या मारोतीचा भंडारा, हनुमान जयंती. रोडगे भाजाले मानसं कमी हायेत. आपन गुरुवारी सकाळी रोडग्याले जाऊ, शुक्रवारी 12 ते 3 भाऊ आपले पाइप बदलतीन. 9 ला मोटर मीच चालू करून जाईन.

छोटी काकू: गुरुवारी रोडगे-वांगे आणि शुक्रवारी उपास. पोटाची छान तयारी.

बुधवार, 1 एप्रिल

बंटीची मुलगी (बंटीच्या फोनवरून): ताई आत्या, ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो? नाताळ तर 25 लाच असतो.

मोठे बाबा: पुनवेनंतरचा रईवार. सोपं हाय बेटा. उद्या हनुमान जयंती म्हंजे चैत्र पुनव, मंग येनारा रईवार ईस्टर.

ताई: यंदापुरतं बरोबर, मोठे बाबा. पण 2024 ला ईस्टर 31 मार्चला होता आणि हनुमान जयंती 23 एप्रिलला. तेव्हा होळीची पुनव धरली होती. नियम असा: 21 मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. पौर्णिमासुद्धा आकाशातली नाही, चर्चच्या तक्त्यातली.

मोठे बाबा: मागच्या साली हनुमान जयंती शनवारी होती. मंग दुसऱ्याच दिवशी ईस्टर काऊन नोयता?

ताई: कारण 2025 ला तक्त्यातली पौर्णिमा रविवारीच पडली, 13 एप्रिलला. पौर्णिमा रविवारी आली तर पुढचा रविवार धरतात. म्हणून 20 एप्रिल.

मोठे बाबा: म्हंजे आमच्या तिथ्याईवानीच तुमचा घोय हाय

ताई: "तुमचा"? 😄 तुमचाच आहे तो.

मोठे बाबा: हो ना बापा. भाऊसंग दिवसभर बसलो तं असंच तोंडात येते.

शुक्रवार, 3 एप्रिल

मोठे बाबा (सकाळी 9.04): मोटर चालू.

मोठे बाबा (3.41): भाऊनं चार जागी पाइप फिरवले. शेवटचे दोन तास बंटी पाहीन.

(पाचव्या उद्गारावर मोठे बाबा यंदा फार कमी बोलले. एवढंच, की आपण गावातल्या विहिरी आटतात तेव्हा तहान म्हणजे काय ते बोलतो, आणि प्रभूला तर आंब दिली. मग बसले. मागे पंखा खडखडत होता. तीन वाजता घंटा न वाजवता सगळे बाहेर पडले, आणि दाराशी धुऱ्यापलीकडचे भाऊ ओले पाय घेऊन उभे होते, मोटरची किल्ली द्यायला. आत यायचं की नाही, ते त्यांना समजत नव्हतं. पाळकसाहेबांनी चप्पल काढायला लावून त्यांना आत बसवलं आणि पन्हं दिलं.)

शनिवार, 4 एप्रिल

ताई: आजचं काम: लावण नाही, निवड. ढीग मोडायचा, जेठे गड्डे (मधले मूळ कंद) वेगळे, हळकुंडं वेगळी. साधारण 50 ग्रॅमचा, टणक, डाग नसलेला गड्डाच बेण्याला. एकराला 10 क्विंटल लागतं, म्हणजे 20 हजारांच्या आसपास गड्डे हाताखालून जाणार. सावलीत ढीग, वरून हळदीचाच वाळलेला पाला. ताडपत्री घालायची नाही, बेणं घुसमटतं.

बंटी: 11 वाजले. माझे तीनशे झाले असतील. कंबर गेली.

छोटी काकू: गड्डा हातात घेऊन अंगठ्याने दाबायचा. मऊ लागला की बाजूला. डोळ्यांनी पाहून कळत नाही, वरून सगळे सारखेच दिसतात.

आत्या: हे करताना बाबांची आठवण येते. यवतमाळला सेमिनरी होती (ती 1983 साली पुण्याला गेली, मी तिच्यानंतर 😄), तेव्हा तिथले विद्यार्थी ईस्टरला आपल्याकडे यायचे. एक दक्षिणेकडचा मुलगा होता, मराठी नवीनच शिकलेला. त्याला "बेणं" हा शब्द फार आवडला. त्याने उपदेशात बायबलमधल्या गव्हाच्या दाण्याऐवजी हळदीचं बेणं घातलं: जमिनीत पडून मरतं आणि पुष्कळ होतं. बाबांनी जेवताना त्याला धरलं. म्हणाले, गव्हाचा दाणा मरतो हे खरं, तो पुन्हा सापडत नाही. पण हळदीचा लावलेला गड्डा नऊ महिन्यांनी खोदताना नव्या गड्ड्यांच्या मध्ये तसाच निघतो. काळा, सुरकुतलेला, पण ओळखू येतो. मुलगा गोंधळला, म्हणाला मग चूक झाली का माझी? बाबा म्हणाले, नाही, उलट बरं झालं. प्रभू उठल्यावर त्याच्या शिष्याने, थोमाने काय पाहिलं? खिळ्यांच्या खुणा. प्रभू उठला तो नवा कोरा होऊन नाही उठला.

मोठे बाबा: मी तवा वाढत होतो पंगतीत. त्या पोरानं वही काढून लिहून घेतलं होतं.

बंटी: आत्ता ढिगात तसा एक सापडला. काळा. फेकायचा का?

मोठे बाबा: आन इकडं

रविवार, 5 एप्रिल

मोठे बाबा (पहाटे 4.50): प्रभू उठला आहे!

छोटी काकू: खरोखर उठला आहे!

आत्या: खरोखर उठला आहे! पण बंटी उठला नाही. कुणीतरी पाणी टाका तोंडावर.

मोठी आई (आवाज, मागे कोंबडा): मेनबत्त्या घेतल्या, काडेपेटी घेतली. कबरस्थानात वारा रायते, प्लास्टिकचे पेले घ्या आडोशाले. आन पोराईले सांगा, मारियेनं बी पहाटेच पायलं होतं त्याले. अंधारात तिले माळी वाटला थो. इतकं काही वाईट नाई वाटलं असन त्याले.

बंटी: अंड्यांचा फोटो टाकतो. लाल-तपकिरी आहेत ती कांद्याच्या सालीत उकडलेली, पिवळी आपल्या हळदीची. पोरांनी रात्री अकरापर्यंत केली. पाच फुटली, ती मीच खाल्ली.

मोठे बाबा (संध्याकाळी 6.20): दुपारी दोन घंटे लाईन गेली होती. मुगाचे दोन पट्टे कोरडे रायले. उद्यापासून रातची पाळी, रात्री करतो.

छोटी काकू: एकटे जाऊ नका रात्री. काठी आणि बॅटरी घ्या. मागच्या आठवड्यात धुऱ्यावर रानडुकरं होती.

मंगळवार, 7 एप्रिल

बंटी: पोचलो, कामावर लागलो. हाताचा पिवळा रंग जात नाहीये. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. काल मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर हात हलवला तर साहेबांनी विचारलं, घरात कुणाचं लग्न होतं का.

आत्या: मग काय सांगितलंस?

बंटी: म्हटलं, झालं नाही अजून. मे महिन्यात आहे. 14 ला स्वर्गारोहणाचा गुरुवार, शुक्रवारी निघायचं, 16 ला शनिवारी लावण. सुट्टी टाकली.

मोठी आई (आवाज): पोराईले बी आनजो. आन त्या दिवशी माहा इळा कोन घेऊन गेलं थे पाह्य, तुह्याच पिशवीत असन.