मदत हवी आहे: तारा नाहीत, घोडे नाहीत, तरी ट्राम चाललेली. हे कार्ड कुठलं आणि कधीचं?

नमस्कार मंडळी,

चार वर्षांपासून जुनी चित्र-पोस्टकार्डं जमवतो आहे. विषय एकच धरलाय, ट्राम आणि ट्रामचे रस्ते. नुसत्या इमारतींची नि पुतळ्यांची कार्डं मी घेत नाही. मला रस्ता चालू असलेला हवा: पायरीवर लोंबकळणारा कंडक्टर, कॅमेऱ्याकडे बघत थबकलेली बाई, हलल्यामुळे धूसर झालेलं एखादं पोर. आजवर सत्तर-ऐंशी कार्डं जमली आणि बहुतेकांचा काळ थोडाफार लावता आला. एका कार्डावर मात्र दोन महिने अडलोय.

चित्रात रुंद रस्ता आहे आणि त्यावर दुमजली ट्राम. समोर घोडे नाहीत, म्हणून विजेची म्हणावी, तर वर एकही तार नाही. खांब आहेत, पण ते दिव्यांचे. दोन रुळांच्या बरोबर मध्ये एक बारीक काळी रेघ ट्रामखालून पुढे गेलेली दिसते. आधी मला तो छपाईतला ओरखडा वाटला, पण ती रुळांबरोबर वळणही घेते.

कार्ड टपालात गेलेलंच नाही, त्यामुळे तिकीट नाही, शिक्का नाही. प्रकाशकाचं नाव नाही. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली आहे. डावीकडे इंग्रजीत छापलंय की ही जागा मजकुरासाठी वापरता येईल, पण फक्त देशांतर्गत टपालात.

मागच्या बाजूवरून काळ लावायची माझी पद्धत अशी: आधी मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखून असायची आणि लोक चित्राच्या कडेला चार ओळी खरडायचे. दुभागलेली पाठ ब्रिटनने १९०२ मध्ये चालू केली, जर्मनीने १९०५ मध्ये, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. म्हणजे हे कार्ड १९०२ च्या आधीचं नाही. पण फोटो त्याआधीचा असू शकतो ना? एकच काच, म्हणजे काचेवरची फोटोची निगेटिव्ह, वर्षानुवर्षं छापत राहिल्याची उदाहरणं माझ्याकडेच आहेत. एका जोडीत तेच ढग, तोच कुत्रा, नि दुसऱ्या कार्डात रंगवणाऱ्याने ट्राम हिरवीची लाल केलेली.

विचारायचंय ते असं. तारा छपाईवाल्याने पुसल्या असतील का? ती मधली रेघ कसली? आणि अल्बममध्ये कार्ड लावताना फोटोचा काळ धरावा की छपाईचा? मी फोटोचा धरत आलोय, कारण जमवतोय तो रस्ता, कागद नव्हे. पण पटत नसेल तर जरूर सांगा.

अजून एक. याच गठ्ठ्यातली तीन कार्डं जुन्या अल्बमच्या काळ्या पानाला डिंकाने चिकटलेली आहेत. पाण्यात भिजवून सोडवू का?

प्रतिसाद १

आधी शेवटचं: भिजवू नका! हाताने रंगवलेल्या कार्डाचा रंग पाण्यात सुटतो, आणि फोटो-कागद असेल तर वरचा थर फुगतो. ओढूनही काढू नका, मागचा मजकूर पानाबरोबर सोलून येईल. कार्डाभोवतीचं काळं पान कापून घ्या आणि तसंच ठेवा. पिशव्या पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या. पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांनी चिकट होतात आणि चित्र खातात.

आता ट्राम. तुमची रेघ म्हणजे रस्त्यातली फट आहे. ती दोन प्रकारच्या ट्रामना लागायची. एक दोराची ट्राम: जमिनीखालून पोलादी दोर सतत फिरत असतो आणि गाडी फटीतून खाली गेलेल्या पकडीने तो धरते. दुसरी विजेची, पण वीज वरच्या तारेऐवजी फटीखालच्या नळीतून घेणारी. रस्त्यावर तारांचं जाळं नको म्हणून काही शहरांनी हा महागडा मार्ग पत्करला. तेव्हा तारा पुसल्याच असतील असं नाही, मुळात नसतीलही.

इंग्रजी मजकूर, दुमजली गाडी आणि फट, एवढ्यावर माझ्या डोळ्यांसमोर पहिली दोन शहरं येतात. एडिंबरामध्ये १९२३ पर्यंत दोराच्या ट्राम होत्या, त्याही दुमजली. लंडनमध्ये १९०३ पासून फटीखालच्या विजेवर गाड्या धावल्या. इंग्लंडमधल्या बोर्नमथमध्येही १९११ पर्यंत थोडा भाग तसा होता.

छतावर आडवा बांधलेला लांब दांडा दिसतो का बघा. शहराबाहेर वरच्या तारेवर चालणाऱ्या गाड्या तारेतून वीज घ्यायला तो सोबत बाळगायच्या. दिसला तर ट्राम विजेची. न दिसला तर काही ठरत नाही.

प्रतिसाद २

मागचा 'फक्त देशांतर्गत' मजकूर फार कामाचा आहे. ब्रिटनने दुभागलेली पाठ आधी स्वीकारली, इतर देशांनी नाही, म्हणून सुरुवातीच्या कार्डांवर अशी सूचना छापत. सगळीकडे मान्यता मिळाल्यावर तिची गरज उरली नाही. छपाई १९०२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली धरा.

दांडा शोधण्याआधी दहापट भिंगाने छपाई तपासा. ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर मोठं करून उपयोग नाही, ठिपकेच मोठे होतील. बारीक सुरकुत्यांसारखी नागमोडी जाळी दिसली तर ती कोलोटाइप, म्हणजे जिलेटिनच्या थरावरून केलेली जुनी छपाई. तिच्यात बराच तपशील टिकतो. १२०० डीपीआयला स्कॅन करा.

काळाबद्दल मी तुमच्याशी अर्धाच सहमत. लावा फोटोच्या काळाने, पण छपाईचा काळही लिहा. मात्र कार्डाच्या पाठीवर नको, वेगळ्या चिठ्ठीवर.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चिकटलेली कार्डं तशीच ठेवली, पान कापून.

भिंगाखाली नागमोडी जाळीच दिसली. रात्री १२०० ला स्कॅन केलं, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन टोप्यांच्या मागे आडवा दांडा आहे! ज्याला मी कठडा समजत होतो तोच. म्हणजे दोराची ट्राम नाही, एडिंबरा बाद.

स्कॅनमध्ये डाव्या हाताच्या दुकानाच्या पाटीची शेवटची चार अक्षरंही उमटली आहेत, 'SONS'. मागच्या बाजूला चर्चचा एक टोकदार मनोरा आहे. लंडनचे ट्रामचे रस्ते कुणाच्या चांगल्या पाहण्यात असतील तर स्कॅन पाठवतो. मनोरा ओळखला गेला तर रस्ताही सापडेल.