अदखलपात्र म्हणजे ‘दखल घ्यायच्या लायकीचं नाही’ असं होतं का?

परवा सोसायटीच्या गेटवर पार्किंगवरून राडा झाला, शेजारच्याने बाबांची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली. पोलिस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदारांनी सगळं लिहून घेतलं आणि एनसीची कॉपी हातात दिली. त्यावर ‘अदखलपात्र’ वाचून बाबा एकदम गप्प. घरी आल्यावर म्हणाले, सत्तरीच्या माणसाला मारलं तरी दखल घ्यायच्या लायकीचं नाही होय. मलाही नीट सांगता येईना, नेमका अर्थ काय याचा?

---

अर्थ लावताना तिथेच गडबड होते बघा. आपण बोलताना ‘दखल घेतली’ म्हणजे लक्ष दिलं, नोंद घेतली असं म्हणतो, आणि हाही शब्द तसाच वाचतो. पण मूळ अरबी दखल म्हणजे आत शिरणं, हिंदीत अजूनही दखल देना म्हणजे मधे पडणं. दाखल, दाखला ही सगळी त्याच घरातली भावंडं. तर दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलिस कोर्टाला न विचारता हात घालू शकतात, तपास करतात, वॉरंटशिवाय अटकही करतात. अदखलपात्र असेल तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, नोंद मात्र घ्यावीच लागते. ती नोंद म्हणजेच तुमची एनसी. बाबांना सांगा, लायकीबियकीचा काही संबंध नाही.

---

वरचं बरोबर आहे, पण थोडं पोलिसांच्या बाजूने सांगतो. समोरच्याने काय केलं यापेक्षा लागलं किती आणि कशाने, यावर कलम ठरतं. नुसती कानाखाली म्हणजे साधी दुखापत, पूर्वीचं ३२३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ११५(२), अदखलपात्र. हातात कोयता किंवा तसलं काही हत्यार असतं तर ११८, मग थेट एफआयआर. हाड मोडलं, दात पडला, एका कानाने कायमचं ऐकू येईनासं झालं तर गंभीर दुखापत, तेही दखलपात्र. म्हणून आधी मेडिकलला पाठवतात. तुमच्या बाबांना पाठवलं होतं का?

---

नाही पाठवलं. पण मग भर रस्त्यात मारलं त्याचं काहीच नाही का?

---

आहे ना, कलम १९४. सार्वजनिक जागी दोघांनी किंवा जास्त जणांनी मारामारी करून शांतता बिघडवली तर. शिक्षा जास्तीत जास्त १ महिना किंवा १००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि हे दखलपात्र! कानाखाली मारायला १ वर्षापर्यंत शिक्षा आहे तरी ते अदखलपात्र. म्हणजे शब्दावरून गुन्हा लहान की मोठा ते कळतच नाही, इथेच लोक फसतात. फक्त १९४ लागायला दोन्हीकडून हात चालावे लागतात, तेव्हा उद्या बाबांनी उलटी एक ठेवून दिली असती तर तेही आरोपी झाले असते. पेपरात ‘परस्परविरोधी तक्रारी’ येतं ते बऱ्याचदा असंच.

---

आणि एक, लोक ‘पोलिसांनी चार्ज लावला’ म्हणतात तेही गोलमाल आहे. पोलिस कलम लावतात, गुन्हा दाखल करतात, तपास झाला की दोषारोपपत्र कोर्टात देतात. आरोप निश्चित करतं ते कोर्ट. चॅप्टर केस तर तिसरीच भानगड, तिथे झालेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, पुढे शांत राहीन असा बाँड लिहून घेतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या आठव्या चॅप्टरवरून ते नाव पडलं, नव्या कायद्यात चॅप्टर नंबर बदलला तरी नाव काही सुटणार नाही. तुमच्या शेजाऱ्यासाठी हे विचारून बघा, रोज त्याच गेटमधून जायचंय तुम्हाला.

---

सगळ्यांचे आभार. बाबांना वाचून दाखवलं, म्हणाले मग सरळ ‘विनापरवानगी हात न घालण्याजोगा’ लिहा ना. मी म्हटलं मावणार नाही फॉर्मवर. कान दुखतोय असं दोन दिवस म्हणताहेत, तेव्हा उद्या सकाळी आधी सरकारी दवाखान्यात दाखवतो, कागद घेऊन मग परत ठाण्यात.