टोलनाक्यावरच्या पट्टीवर टँकर ओव्हरलोड, भुईकाट्यावर बरोबर. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
संगमनेरहून मुंबईला दूध नेणारा माझा दहाचाकी टँकर आहे. पासिंग, म्हणजे भरल्या गाडीच्या वजनाची मंजूर मर्यादा, २८.५ टनांची. निघताना भुईकाट्यावर भरल्या गाडीचं वजन २८,१४० किलो. पुढे टोलनाक्यावर चालत्या गाडीचं वजन रस्त्यातल्या पट्टीने दाखवलं २९,३००! परवाही तसंच. मधे थेंबभर दूध चढलेलं नाही. ड्रायव्हर वीस वर्षांचा माझा माणूस, त्याच्यावर वाटेत माल भरल्याचा संशय घेतला, ते मला फार लागलं.

काल स्वतः सोबत गेलो. लेनच्या काँक्रीटमध्ये आडवी खाच, आत धातूची पट्टी, भोवती काळा लेप. एका टोकाचा लेप उडालाय, तिथून चाक गेलं की टक् वाजतं.

ही पट्टी नक्की मोजते काय? ११६० किलोचा फरक पडू शकतो का?

प्रतिसाद:
पडतो दादा, आणि टँकरला जास्तच. मी या पट्ट्या बसवायच्या कामावर आहे. भुईकाट्यावर अख्खी गाडी उभी असते. पट्टीवर चाक क्षणभर टेकतं, तेवढ्यात पडलेला दाब ती घेते आणि मग सगळ्या ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या आसांवरच्या भाराची, बेरीज करते. पुढची गाडी थांबली म्हणून ब्रेक मारला की दूध पुढे धावतं. नेमकी तेव्हा पुढची चाकं पट्टीवर. मग गाडी उचलली की भार मागे, आणि आता मागची चाकं पट्टीवर. दोन्ही वेळा जास्तच भरलं, बेरीज फुगली. तुमचा फरक चार टक्क्यांचा आहे, धावत्या वजनात तेवढा येतो. लेप उडाला असेल तर चाक आपटतं, ते वेगळंच.

स्लिपवर ॲक्सलवार आकडे असतील तर जपून ठेवा. भुईकाट्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून ताडून बघा. नाक्यावर उभ्या गाडीचं वजन करायची मागणी लेखी द्या. पण पट्टी काढा असं म्हणू नका. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणून पट्टीची गरज आहे, फक्त ती नीट राखलेली हवी.

धागाकर्ता:
फार आभार. टाकी २०,००० लिटरची, दूध १८,०००. म्हणजे हिंदकळायला जागा आहेच. पुढे अंतर सोडून, ब्रेक न लावता एका चालीत पट्टी ओलांडायला सांगतो. चाकं वेगवेगळी तोलताना गाडी गिअरमध्ये ठेवायची का?

प्रतिसाद:
नाही, न्यूट्रलला, ब्रेक सोडून. आणि काट्याचा प्लॅटफॉर्म बाहेरच्या जमिनीच्या पातळीत आहे ना ते आधी बघा, नाहीतर तोही आकडा फसवेल.