मॅकडॉवेल काउंटी (वेस्ट व्हर्जिनिया, अमेरिका): हे आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत?

तिरकीरेघ
मॅकडॉवेल काउंटीची आकडेवारी चाळतोय. 1950 ला लोकसंख्या 98,887, 2020 ला 19,111. इथवर ठीक. पण सुमारे एक तृतीयांश लोक दारिद्र्यरेषेखाली, आणि बेरोजगारीचा दर मात्र एक आकडी? घरटी मध्यक उत्पन्न 30 हजार डॉलरच्या आगेमागे, तरी मालकीच्या घरांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त? आणि कोळसा तर अजूनही निघतोय, मग माणसं कशाने गेली? कुणी नीट उलगडून सांगेल का?

खडीसाखर
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यातूनच निघतं.

आधी जागेचा अंदाज घ्या. काउंटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिल्हा येतो, पण हिचं क्षेत्रफळ जेमतेम 1,380 चौ. किमी, म्हणजे आपल्याकडचा एक तालुका. मुख्य गाव वेल्च. 1941 साली तिथे नगरपालिकेने बहुमजली वाहनतळ बांधला, अमेरिकेतला नगरपालिकेच्या मालकीचा तो पहिला. त्या काळी वर्दळ किती होती ते यावरून समजा.

आता जनगणनेचे आकडे ओळीने मांडा: 1950 ला 98,887, 1960 ला 71,359, 1970 ला 50,666, 1980 ला 49,899, 1990 ला 35,233, 2000 ला 27,329, 2010 ला 22,113, 2020 ला 19,111. जवळपास निम्मी माणसं 1970 पर्यंतच गेली होती, आणि तेव्हा खाणी धडाक्यात चालू होत्या. 1950 मध्ये खाणमालक आणि जॉन एल. लुइस यांच्या खाणकामगार संघटनेत राष्ट्रीय करार झाला. संघटनेने यांत्रिकीकरण मान्य केलं, बदल्यात निघणाऱ्या प्रत्येक टनामागे कामगारांच्या कल्याण निधीत रक्कम जमा व्हायची. मग कोळसा तोडून थेट वाहकावर टाकणारी यंत्रं आली आणि फावड्याने गाड्या भरणाऱ्यांची गरज उरली नाही. टन तेच, हात कमी. तेव्हा ‘कोळसा संपला म्हणून गाव उठलं’ हे साफ चूक.

1970 चं दशक जवळजवळ सपाट दिसतं, कारण तेलसंकटानंतर कोळशाला भाव चढला. 1980 च्या दशकातली घट वेगळ्या जातीची आहे, ती पोलादाच्या मंदीची. इथला पोकाहोंटास थराचा कोळसा मुख्यतः कोक (पोलादाच्या भट्टीत लागणारं इंधन) करण्यासाठी जातो. यू. एस. स्टील या पोलाद कंपनीने काउंटीतल्या गॅरी गावच्या खाणी 1986 मध्ये बंद केल्या. आजही इथलं काम वीजकेंद्रांपेक्षा पोलादाच्या जागतिक भावावर हलतं. भारत अमेरिकी कोकिंग कोळशाचं मोठं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे आपल्या पोलाद कारखान्यांची मागणी तिथल्या पाळ्यांपर्यंत पोचते.

गोळाबेरीज
बेरोजगारी आणि गरिबीचं कोडं खरं तर कोडं नाही. बेरोजगार म्हणजे मागच्या चार आठवड्यांत काम शोधलेला आणि लगेच रुजू व्हायला तयार असलेला माणूस. कंबर गेलेला, काळ्या फुप्फुसाचा (कोळशाच्या धुळीने होणारा) आजार जडलेला, अपंगत्व भत्त्यावरचा, किंवा शोधून थकून घरी बसलेला, यातला कुणीही त्यात धरला जात नाही. म्हणून अशा काउंटीत बेरोजगारीचा दर बाजूला ठेवा आणि 16 वर्षांवरच्या लोकांपैकी कामावर किती हे प्रमाण बघा.

तेही तसंच्या तसं उचलू नका. वेल्चजवळ केंद्र सरकारचा तुरुंग आहे, 2010 मध्ये सुरू झालेला. 2020 च्या 19,111 मध्ये हजाराहून जास्त कैदी आहेत, सगळे पुरुष. आता कुठल्या आकड्यात ते येतात ते पाहा. दारिद्र्याच्या दरात ते धरत नाहीत. दरडोई उत्पन्नाच्या भाजकात मात्र असतात, म्हणून तो आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. कामावरच्यांचं प्रमाणही तसंच खाली जातं. स्त्री-पुरुष प्रमाण आणि मध्यक वय दोन्ही थोडी बिघडतात. जनगणना ब्यूरोचा सामूहिक निवासांतल्या (तुरुंग, वसतिगृहं वगैरे) लोकसंख्येचा तक्ता बी26001 शेजारी ठेवून वजाबाकी करा.

शोधायची रीत: जनगणना ब्यूरोच्या संकेतस्थळावर काउंटीचा संकेतांक 54047 टाका. डीपी03 या तक्त्यात काम आणि उत्पन्न, एस1701 मध्ये दारिद्र्य, बी25003 मध्ये घरांची मालकी. 65 हजारांखाली लोकसंख्या असलेल्या काउंटीला ब्यूरोच्या नमुना पाहणीचे एका वर्षाचे अंदाज मिळतच नाहीत, पाच वर्षांचीच सरासरी मिळते. म्हणून 2015-19 ची तुलना 2016-20 शी करू नका, त्यातली चार वर्षं तीच असतात. शेजारी दिलेली त्रुटीमर्यादा 90 टक्के विश्वासपातळीची असते, प्रमाण त्रुटीसाठी तिला 1.645 ने भागा. दोन अंदाजांतला फरक त्रुटीतच बुडत असेल तर त्यावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

आणखी एक सापळा. आर्थिक विश्लेषण ब्यूरोच्या हिशोबात काउंटीच्या एकूण उत्पन्नातला निम्म्याच्या जवळपास वाटा सरकारी हस्तांतरणाचा (पेन्शन, भत्ते वगैरे) दिसतो. पण मेडिकेअर-मेडिकेडने (वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विमा योजनांनी) दवाखान्यांना दिलेले पैसेही त्यातच येतात. ते कुणाच्या हातात पडत नाहीत. जनगणना ब्यूरोच्या ‘उत्पन्ना’त ते नसतात. दोन्ही आकडे एकाच वाक्यात वापरलेले लेख सर्रास दिसतात.

(गरिबांना किराणा घेण्यासाठी सरकार देतं त्या अन्नकुपनांच्या आजच्या योजनेचा पहिला पथदर्शी प्रयोगही इथलाच, 29 मे 1961 चा. पहिल्या गिऱ्हाइकाच्या घरात 15 माणसं, कुपनं 95 डॉलरची. तेव्हा कुपनांसाठी पदरचे थोडे पैसे भरावे लागत, ती अट 1977 च्या कायद्याने गेली.)

ओलितभिजू
मालकीच्या घरांबद्दल. खाण कंपन्यांनी बांधलेली घरं पुढे कामगारांनाच स्वस्तात विकली गेली. कर्ज फिटलंय, पण घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. मालकी आहे म्हणून ऐपत आहे, असं धरता येत नाही.

राहणीमान बघायचं तर नळ आणि गटार बघा. नळयोजनाही कंपन्यांच्याच, गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या. कंपनी गेली, पाइप राहिले. 500 घरांसाठी टाकलेल्या वाहिनीवर 80 घरं उरली की पाणीपट्टीत दुरुस्ती बसत नाही. गळती वाढते, दाब पडतो, आणि दाब पडला की फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. मग ‘पाणी उकळून प्या’ची सूचना निघते (खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, या उंचीला तेवढं पुरतं). काही वस्त्यांत ती वर्षानुवर्षं उठत नाही.

सांडपाण्याचं दुखणं जमिनीचं आहे. दरी अरुंद, सपाट पट्टी जेमतेम रस्ता, रेल्वे आणि ओढ्यापुरती. सेप्टिक टाकीनंतर पाणी मुरायला लांबरुंद आणि पुरेशी खोल माती लागते, इथे खाली खडक. म्हणून कित्येक घरांचा पाइप थेट ओढ्यात. ते पाणी शेवटी टग फोर्क नदीला मिळतं.

पूरही त्याच दरीत येतो: जुलै 2001, मे 2002, फेब्रुवारी 2025. वर डोंगरावर जावं, तर तिथली बरीच जमीन बाहेरच्या भूधारक कंपन्यांकडे. सरकार पूरग्रस्त घर विकत घेतं, पण ती जागा कायमची मोकळी ठेवायची अट असते, म्हणजे तेवढी घरपट्टी कायमची गेली.

तिरकीरेघ
कोळशावरच्या करातून काउंटीला काही मिळत नाही का?

गोळाबेरीज
मिळतं, पण किरकोळ. राज्याचा उत्खनन कर कोळशाच्या किमतीच्या साधारण 5 टक्के, त्या 5 पैकी 0.35 स्थानिक संस्थांचे. त्याचे 75 टक्के कोळसा काढणाऱ्या काउंट्यांना, 25 टक्के राज्यातल्या सगळ्या काउंट्यांना आणि नगरपालिकांना. मुख्य आधार मालमत्ता कराचा, आणि खाण बंद पडली की खनिजाचं मूल्यांकनच घसरतं. त्याचा पहिला फटका शाळांना, कारण शाळांचा स्थानिक पैसा त्याच करातून येतो. शिक्षकांना भाड्याने मिळण्याजोगं घर नाही म्हणून जागा रिकाम्या राहतात, ही अडचण इतकी जुनी की वेल्चमध्ये शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून सदनिकांची इमारत उभारावी लागली.

खडीसाखर
काउंटीतल्या किंबॉल गावचं वॉलमार्ट (मोठं साखळी दुकान) सांगायचं राहिलं. 2005 ला उघडलं, जानेवारी 2016 ला बंद. काउंटीतला रोजगार मोजताना ते वर्ष वेगळं काढा. आणि ‘रोजगार’ हा आकडा कामाच्या जागेचा की राहत्या घराचा, हे तक्त्याच्या डोक्यावर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुरुंगातल्या नोकऱ्या काउंटीत मोजल्या जातात, त्यातले बाहेरून येणारे कर्मचारी मात्र दुसऱ्या काउंटीचे रहिवासी म्हणून नोंदले जातात.