मदत हवी आहे: निर्वासितांचं पुनर्वसन, सोलापूरचं उदाहरण

नमस्कार मंडळी. पुतणी इथं सोलापुरात समाजकार्य शिकते. प्रकल्प ब्रिटनमधल्या सीरियन निर्वासितांवर आहे. २०१५ साली तिथल्या सरकारनं २०२० पर्यंत २०,००० जणांना आणायचं जाहीर केलं. पण घर शोधणं, पोरांची शाळा, दवाखान्यात नोंदणी, इंग्रजीचे वर्ग हे सगळं बघितलं स्थानिक कौन्सिलांनी, तेही सक्ती नसताना. निधी केंद्राचा, पाच वर्षांपर्यंत.

आता मॅडम म्हणतात, इथलं उदाहरण जोडा. उजनीचे धरणग्रस्त सुचले, पण ते काही परदेशातून आलेले नाहीत; तुलना ओढूनताणून वाटते. फाळणीनंतर सिंधमधून इकडं आलेल्यांना जागा, गाळे कसे मिळाले? कुणाच्या आजोबांकडं जुने कागद, आठवणी आहेत का? पंधरा दिवसांत द्यायचंय.