मदत हवी आहे: मायक्रोग्लिया नेमक्या कोणाच्या बाजूने?

अल्झायमरमधल्या मायक्रोग्लियाबद्दल, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींबद्दल वाचतेय आणि एका जागी अडकलेय. या पेशी अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांना वेढून त्या गिळायला बघतात, इथवर ठीक. २०१३ मध्ये, या पेशींना चेतवण्यात भाग घेणाऱ्या ट्रेम-२ जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. तो असणाऱ्यांना अल्झायमरचा धोका बराच जास्त. म्हणजे पेशी ढिल्या पडल्या की नुकसान. पण सी१क्यू, सी३ ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं (रोगप्रतिकारक यंत्रणेच्या ‘हे साफ करा’ अशा खुणा) चिकटलेले सिनॅप्सही, म्हणजे चेतापेशींमधले जोडही त्याच फस्त करतात, निदान उंदरांमध्ये तरी! मग यांना आवरायचं की चेतवायचं? नेप्रॉक्सेन, सेलेकॉक्सिब या दाह कमी करणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. औषध उशिरा दिलं म्हणून, की निशाणाच चुकला? या विषयातलं कुणी आजाराच्या टप्प्यांनुसार समजावेल का? सोपं करताना गुंतागुंत गाळू नका, प्लीज.