पांढऱ्या पेशी भरपूर, मग पू का नाही?

प्रश्न (मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी): एलएडी-१ (ल्युकोसाइट अ‍ॅडिजन डेफिशियन्सी टाइप १, म्हणजे पांढऱ्या पेशी नीट चिकटू न शकण्याचा जन्मजात आजार) वाचतेय. बाळाचा न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) काउंट चढलेला, महिना होत आला तरी नाळ पडत नाही, बेंबी लाल, पण पू नाही. एवढ्या पेशी करतात तरी काय? त्यांचं जंतू गिळणं बिघडलेलं असतं का?

हिमॅटॉलॉजी लॅबवाला: थोडंफार बिघडतं, पण गाडं त्याआधीच अडतं. पेशी रक्तातून बाहेर पडतच नाही. एरवी ती सिलेक्टिन या हलकं धरणाऱ्या प्रथिनांच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत येते, इंटेग्रिन या पेशीवरच्या प्रथिनांनी घट्ट चिकटते आणि मग ऊतीत शिरते. एलएडी-१ मध्ये आयटीजीबी२ या जनुकात दोष, म्हणून या इंटेग्रिनचा सीडी१८ हा भाग नाही. ते सीडी११ए, ११बी, ११सी यांच्याशी जोडी जमवूनच पृष्ठभागावर येतं, त्यामुळे सीडी१८ गेलं की सगळ्या जोड्या गेल्या. गडगडणं शाबूत, थांबणं बंद. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. ते जखमेपर्यंत पोचलेच नाहीत तर पू होणार कुठून?

स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) बघाल तर फसाल. पेशी देखण्या, केंद्रकाचे खंड नीट, नाव ठेवायला जागा नाही. फ्लो सायटोमेट्रीत (चमकणारी अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजणारी तपासणी) सीडी१८ लावलं की खरं कळतं: आलेखात निरोगी नमुन्याचं पीक, म्हणजे शिखर, लांब उजवीकडे आणि बाळाचं थेट निगेटिव्ह कंट्रोलवर, म्हणजे सीडी१८ची अँटिबॉडी न लावलेल्या नमुन्याच्या जागी, बसलेलं. सीडी१८चं प्रमाण २ टक्क्यांखाली असेल तर आजार गंभीर धरतात. कधी सीडी१८ असतं पण निकामी असतं, म्हणून मी जोडीदार सीडी११ही लावल्याशिवाय रिपोर्ट सोडत नाही.

रक्तपेढीत काम करणारी: आमच्याकडे एलएडी म्हटलं की बॉम्बे रक्तगट (तांबड्या पेशींवर एच अँटिजेन, म्हणजे ए आणि बी गटांचा पाया असलेली साखर, नसलेला दुर्मिळ गट) आठवतो. त्याचा संबंध एलएडीच्या टाइप २ शी. त्यात फ्यूकोज ही साखर गॉल्जीत (पेशीतल्या प्रथिनांना साखरा जोडणाऱ्या भागात) पोचवणारं प्रथिन बिघडतं. सिलेक्टिनला धरायला लागणारी साखर बनत नाही, म्हणून गडगडणंच बंद, आणि एच अँटिजेनही बनत नाही. पण उलटं समजू नका हं! भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेल्या नेहमीच्या बॉम्बे गटात एच बनवणारं एन्झाइमच तेवढं नसतं. पांढऱ्या पेशी ठणठणीत.

विद्यार्थिनी: आणि टाइप ३? सीडी१८ तिथेही कमीच येतं का सर?

हिमॅटॉलॉजी लॅबवाला: नाही, तिथे पीक जागच्या जागी. इंटेग्रिन असतं, पण त्याला आतून जागं करणारं किंडलिन-३ हे प्रथिन नसतं. प्लेटलेटनाही तेच लागतं. त्यामुळे इन्फेक्शनच्या जोडीला रक्तस्राव होतोय आणि प्लेटलेट काउंट नॉर्मल आहे, असं दिसलं तर सीडी१८ चांगलं आलं म्हणून फाइल बंद करू नका. किंडलिन-३ बनवणारं एफईआरएमटी३ जनुक तपासायला पाठवा.